तीन हजार मीटरचा संघ जूनमध्ये घडत नाही

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांत जुलै सरतो. तेवढ्यात तालुका क्रीडा स्पर्धांच्या तारखा येऊन पडतात आणि सर वर्गावर्गांत जाऊन विचारतात, "तीन हजारला कोण पळणार?" हात वर करणाऱ्या पोरांना मग दोन आठवडे रोज धाप लागेपर्यंत पळवलं जातं. तालुक्याला एखादा नंबर येतोही. जिल्ह्याला मात्र तोच मुलगा पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असतो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत पोटाला हात लावून चालू लागतो. पुढच्या वर्षी तो मैदानावर येत नाही. सर पुन्हा नवे हात मोजतात.

यवतमाळ जिल्ह्यात चालणाऱ्या-पळणाऱ्या पोरांची वाण नाही. झरी, मारेगाव, घाटंजीच्या पोडांवरची, पुसद-महागावच्या तांड्यांवरची कितीतरी मुलं आजही पायी शाळा गाठतात. कमी पडतो तो सराव, आणि त्यातही संथ, लांबलेला, वर्षभराचा सराव. कपाशी फुलावर आल्यावर वावरात शेणखत टाकून काही होत नाही, ते पेरणीआधी पडावं लागतं. लांब पल्ल्याच्या दमाचंही तसंच आहे. हृदय, फुप्फुसं, पायाची हाडं आणि शिरा हळूहळू तयार होतात. त्यांना महिने लागतात आणि खरं फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतं. म्हणून प्रशिक्षकाचं पहिलं काम म्हणजे आठवीतलं पोर दहावीपर्यंत मैदानावर टिकवणं.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण नाशिकचं आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिथे आदिवासी आणि शेतकरी घरांतल्या मुलींचा गट वर्षानुवर्षं सांभाळला. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत त्यातून पुढे आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवने त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य घेतलं. एकाच मैदानावर, एकाच प्रशिक्षकाजवळ एकामागून एक मुली घडल्या, त्या अर्थी हा योगायोग नव्हता. मोठ्या मुलीच्या मागे धावत धाकटी तयार होत होती.

आपण क्रीडा संस्थेतून शिकलेलो नाही, ही अडचण मोठी मानू नका. केनियातल्या इटेन गावच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली आयर्लंडहून आलेले ब्रदर कोल्म ओकॉनेल हे भूगोलाचे शिक्षक होते, अॅथलेटिक्सचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मुलांकडे बघत बघत ते शिकले. ८०० मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा त्यांचाच शिष्य. तुमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचं पद रिकामं असेल, तर गणिताच्या मॅडमनी किंवा मराठीच्या सरांनी हे काम हाती घ्यायला हरकत नाही.

वर्षाची सुरुवात जानेवारीत

राज्य पातळीपर्यंतच्या शालेय स्पर्धा साधारण डिसेंबरपर्यंत आटोपतात. तिथून दोन-तीन आठवडे मुलांना मोकळं सोडा आणि जानेवारीत नव्या वर्षाचा श्रीगणेशा करा.

जानेवारी ते मार्च फक्त संथ धावणं. याच काळात यवतमाळची हवा साथ देते. एप्रिल ते जून सराव कमी करा, पण बंद करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चढ आणि मध्यम वेगाची धाव. तालुका स्पर्धेच्या सहा आठवडे आधी शर्यतीच्या वेगाचे तुकडे सुरू करा. शेवटच्या आठ-दहा दिवसांत धावण्याची मिनिटं निम्म्यावर आणा. त्या दिवसांत जास्तीचा सराव केल्याने दम वाढत नाही, फक्त थकवा चढतो.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी हीच रीत जगाला दाखवली. ते बुटांच्या कारखान्यात काम करत आणि ऑकलंडमधल्या आपल्याच वस्तीतल्या पोरांना धावायला शिकवत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी, तासाभराच्या आत जिंकलं. दोन मिनिटांहून कमी वेळाच्या शर्यतीसाठी स्नेल आठवड्यातून एकदा डोंगररस्त्यावर ३५ किलोमीटर धावत असे. शाळकरी मुलांना एवढं अंतर मुळीच नको. पण पायाभरणी संथ धावण्यानेच होते, हे त्यांनाही लागू आहे.

कोणाला निवडायचं

शंभर मीटर जिंकणारा मुलगा तीन हजारला चालेलच असं नाही. निवडीसाठी मुलांना १२ मिनिटं धावू द्या आणि स्टॉपवॉचपेक्षा मुलांकडे जास्त लक्ष द्या. आठव्या मिनिटालाही खांदे सैल, पाऊल हलकं आणि वेग पहिल्या मिनिटासारखा असलेलं पोर हेरा. पहिला आला नाही तरी तो तुमचा गडी आहे. लागोपाठ दोन आठवडे न सांगता वेळेवर येणाऱ्यालाही घ्या. या खेळात रोज येणं हाही गुणच आहे.

दार शक्यतो कुणालाही बंद करू नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या यॉर्क हायस्कूलचे जो न्यूटन यांनी पन्नासहून अधिक वर्षं प्रशिक्षण दिलं आणि शाळेला २८ वेळा राज्याचं क्रॉसकंट्री विजेतेपद मिळवून दिलं. येईल त्या मुलाला ते संघाच्या सरावात घेत. आपल्याकडे वीस मुलं सुरू करतील, दिवाळीपर्यंत बारा उरतील, त्यांतले सहा धावतील. सुरुवातच सहांनी केली, तर शेवटी संघ उरत नाही.

वयाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या ठेवा. शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटाची सर्वांत लांब धाव ६०० मीटर आहे, १७ वर्षांखालील गटाला ३,००० मीटर आहे. राष्ट्रीय क्रॉसकंट्रीतही १६ वर्षांखालील मुलामुलींना २ किलोमीटर, १८ वर्षांखालील मुलींना ४ आणि मुलांना ६ किलोमीटर असतात. ही चढण विचारपूर्वक ठरवलेली आहे. तेव्हा बारा वर्षांच्या पोराला टी-शर्ट आणि मेडलच्या हौसेपोटी गावोगावच्या १० किंवा २१ किलोमीटरच्या शर्यतीत उतरवू नका. दुसरी गोष्ट जन्मदाखल्याची. खोट्या वयावर मिळालेलं पदक एका खऱ्या पोराचं हिसकावलेलं असतं आणि कागदपत्रांच्या तपासणीत ते आज ना उद्या उघडं पडतं.

मैदान आणि अंतर

चारशे मीटरच्या ट्रॅकची वाट बघू नका. शाळेच्या मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक दोरी, खुंटी आणि फक्कीने आखता येतो. दोन सरळ बाजू ५०-५० मीटरच्या घ्या. त्या एकमेकींपासून ३१ मीटर ४४ सेंटिमीटरवर ठेवा. दोन्ही टोकांना मध्यभागी खुंटी ठोकून १५ मीटर ७२ सेंटिमीटरच्या दोरीने अर्धवर्तुळं काढा. फक्कीच्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धावणाऱ्याचा फेरा बरोबर २०० मीटरचा होतो आणि दर ५० मीटरला वळणाची सुरुवात किंवा शेवट येतो. तिथे चार दगड चुन्याने रंगवून ठेवा, त्यांचा पुढे उपयोग आहे.

लांब धावेला पांदण रस्ता उत्तम. मऊ माती, वाहनं नाहीत, बाजूला बाभळीची सावली. अंतर मोजायचं तर सायकलच्या चाकाला चिंधी बांधा, चाकाचा एक फेरा टेपने मोजा आणि फेरे मोजत चला. पावसाळ्यात मात्र काळी माती पायाला किलो-किलोने चिकटते, घोटे मुरगळतात. त्या दिवसांत मुरमाचा रस्ता किंवा गावातली चढाची सडक धरा. डांबरी रस्त्यावर धावावंच लागलं, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने, एकामागे एक.

आठवडा कसा असावा

पहिल्या वर्षाच्या मुलाला आठवड्यातून चार दिवस, दर दिवशी १५ ते २५ मिनिटं पुरे. मध्ये थोडं चाललं तरी चालेल. दुसऱ्या वर्षाच्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी जुलै-ऑगस्टचा आठवडा असा ठेवता येईल:

- सोमवार: ३० मिनिटं संथ धाव.
- मंगळवार: १० मिनिटं संथ, मग चढावर ३० ते ४० सेकंदांच्या ६ ते ८ धावा, उतरताना चालत. शेवटी १० मिनिटं संथ.
- बुधवार: धावणं नाही. खो-खो किंवा कबड्डी, पोट-पाठ-पायांचे व्यायाम.
- गुरुवार: ६ मिनिटांच्या ३ मध्यम वेगाच्या धावा, मध्ये २ मिनिटं चाल.
- शुक्रवार: २५ मिनिटं संथ, मग ८० मीटरच्या ६ मोकळ्या, वेगवान पण ताण न घेता मारलेल्या धावा.
- शनिवार: ५० ते ६० मिनिटं सगळ्यांनी मिळून लांब धाव.
- रविवार: सुटी.

कठीण दिवस दोनच, आणि त्यांच्यामध्ये किमान एक सोपा दिवस. दर चौथ्या आठवड्याला एकूण मिनिटं पाव हिश्शाने कमी करा. कापसाची वेचणी सुरू झाली की बरीच मुलं सुटीच्या दिवशी वावरात असतात. दिवसभर कंबर वाकवून वेचणी केलेल्या मुलाचा सोमवार हा विश्रांतीचाच समजा. घरचं कामही श्रमात मोजावं लागतं.

संथ म्हणजे किती संथ? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मुलांना हे पटायला सर्वांत कठीण जातं, कारण सराव म्हणजे जीव तोडणं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. भरतीची तयारी करणारे मोठे भाऊ रोज पहाटे १,६०० मीटर घड्याळ लावून जीव खाऊन पळतात, तेच मुलं बघतात. रोज परीक्षा दिल्याने अभ्यास होत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा.

वेग अंगात भिनवा

समजा, तुमच्या मुलाचं लक्ष्य ३,००० मीटर १० मिनिटांत आहे. म्हणजे २०० मीटरच्या १५ फेऱ्या, प्रत्येकी ४० सेकंदांच्या. आता ते चार दगड कामाला येतात. दर १० सेकंदांनी शिटी वाजवा, शिटीला मुलगा दगडापाशी असला पाहिजे. आधी पोचला तर त्याला आवरा, मागे राहिला तर पुढच्या दगडापर्यंत सावकाश भरून काढू द्या. आठवड्यातून एकदा अशा चार-सहा फेऱ्या केल्या की महिन्याभरात शिटीशिवायही वेग जमतो. याच मुलाचा मध्यम वेग २०० मीटरला ४५ सेकंदांच्या आसपास आणि संथ वेग ६० सेकंदांच्या आसपास येतो. शेवटच्या सहा आठवड्यांत ६०० मीटरचे ५ तुकडे, प्रत्येकी २ मिनिटांत, मध्ये ३ मिनिटं चाल, हा सराव आठवड्यातून एकदा पुरेसा आहे.

शर्यतीची आखणीही यातूनच होते. पहिला किलोमीटर आवरून, दुसरा लक्ष ठेवून, तिसरा पूर्ण ताकदीने. आणि एकाच मुलाला एकाच दिवशी ८००, १,५०० आणि ३,००० मध्ये उतरवण्याचा मोह टाळा.

ऊन आणि जंगल

एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांना टेकतो. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाला सराव संपलेला असावा. २० ते ३० मिनिटं धाव पुरे. कुणी बरळू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, त्याच वेळी १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

पांढरकवडा, राळेगाव, झरी भागांत वाघाचा विचार करावाच लागतो. २०१८ पर्यंत अवनी वाघिणीच्या भीतीने राळेगाव-पांढरकवड्याची किती गावं दारं लावून बसली होती, हे आपण विसरलेलो नाही. टिपेश्वर अभयारण्यालगतच्या शाळांनी अंधारात कुणालाही बाहेर पाठवू नये. पूर्ण उजाडल्यावर, गटाने, शाळेच्या आवारात किंवा गावाच्या वर्दळीच्या रस्त्यावरच धावावं.

तब्येत आणि ताट

सराव सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय धावायला लावू नका. जे नुसते वाहक आहेत ते धावू शकतात, पण त्यांचा भार फार हळू वाढवा, पाणी भरपूर द्या आणि पाय किंवा कंबर अचानक दुखून ताकद गेली तर तिथेच थांबवून दवाखान्यात न्या. अशा वेळी "नखरे करतो" म्हणणं जिवावर बेतू शकतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं खरंच गिळतात की खिशात घालतात, तेही बघा.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीचं पोर सकाळच्या चहावर संध्याकाळी धावायला उभं असतं. गावातले दुकानदार, पालक समिती, माजी विद्यार्थी यांना सांगून सरावानंतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळं किंवा उकडलेलं अंडं एवढं उभं करा. घरी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी आणि वर लिंबू, हे धावपटूचं उत्तम जेवण आहे. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. भरतीच्या तयारीत ऐकू येणारी इंजेक्शनं आणि बिनलेबलची पावडर यांना मैदानावर थारा देऊ नका.

अनवाणी धावणाऱ्या मुलाला एकदम बूट घालून लांब पळवू नका, पिंढऱ्या धरतात. आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करा. नडगी दुखत असेल तर बोटाने दाबून बघा. एकाच जागी कळ येत असेल किंवा धावताना दुखणं वाढत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर सुरू.

मुलींचा संघ

मुलींचा प्रश्न दमाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. संध्याकाळची एसटी चुकली तर घरी जायचं कसं, हे ज्याने सोडवलं त्याला मुली मिळतात. सराव सकाळी शाळेआधी किंवा मधल्या सुटीला लागून ठेवा. एकाच बाजूच्या दोन-तीन गावांच्या मुली निवडा, म्हणजे येणं-जाणं सोबत होतं. मैदानावर एक बाई, मग त्या शिक्षिका असोत किंवा कुणाची आई, असल्याच पाहिजेत. पाळीची नोंद मुलीने स्वतः ठेवावी. तीन महिने पाळी चुकली तर खाणं कमी पडतंय का हे बघून डॉक्टरांना दाखवावं. आणि घरी जाऊन आईवडिलांशी बोला. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे त्यांना सांगा. आपल्यासारख्याच कोरडवाहू गावची मुलगी आहे म्हटल्यावर ऐकून घेतात.

संघ म्हणजे एक तारा नव्हे

क्रॉसकंट्रीच्या सांघिक स्पर्धेत क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. जागतिक स्पर्धेत सहा धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. एका संघाचे चौघे १, २, २० आणि २५ वे आले तर बेरीज ४८. दुसऱ्याचे ८, ९, ११ आणि १२ वे आले तर बेरीज ४०. एकही पदक नसताना दुसरा संघ जिंकतो. म्हणून सरावात आपल्या पहिल्या आणि चौथ्या मुलातलं अंतर मोजा आणि ते दर महिन्याला कमी करत न्या. शनिवारची लांब धाव घोळक्याने करा. पुढचा मागच्याला सोडून जाणार नाही, हा नियम.

एक वही ठेवा. तारीख, मिनिटं, कुणाला काय दुखलं, कोण आलं नाही आणि का. दोन दिवस न आलेल्या पोराच्या घरी तिसऱ्या दिवशी जा. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला निघणार असेल तर मुलाची वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे सोय होते का, हे मुख्याध्यापकांना घेऊन आधीच बघा. पुसद-उमरखेडकडचे कितीतरी चांगले धावपटू दिवाळीनंतरच्या महिन्यांत हातातून निसटतात.

सगळीच मुलं राज्यापर्यंत पोचणार नाहीत. पण अविनाश साबळे बीडच्या मांडवा गावातून सैन्यात गेला आणि स्टीपलचेसकडे त्यानंतर वळला. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण त्याने आणलं. शाळेत त्याची पदकं किती होती, याला आज महत्त्व नाही. सोळाव्या वर्षी मुलाचे पाय शाबूत असावेत आणि धावायची हौस टिकलेली असावी, एवढं शाळेने करायचं असतं. यंदाच्या जानेवारीत वीस मुलं घ्या, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं गप्पा मारत धावू द्या, आणि तीच मुलं तीन वर्षं सोडू नका.